रियाझाबरोबर घसा, हात, कान आणि मन सांभाळायला कसे शिकवावे?

प्रश्न : गायन शिक्षिका, नौपाडा, ठाणे

सर्वांना नमस्कार. मी नौपाड्याला राहते आणि गेली १९ वर्षे घरीच शास्त्रीय गायनाचे वर्ग घेते. सध्या ७ ते २२ वर्षे वयाची ३१ मुले-मुली शिकायला येतात. त्यांतील बहुतेक जण अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात आणि काही जण केवळ आवडीने गातात.

या फेब्रुवारीत माझ्याकडची १६ वर्षांची एक विद्यार्थिनी याच मंडळाच्या मध्यमा पूर्ण परीक्षेची तयारी करत होती. तार षड्जाच्या (वरच्या सप्तकातील ‘सा’च्या) वर गेली की तिचा आवाज फाटत असे आणि हलक्या आवाजात आलापी करायला सांगितली की स्वरच लागत नसे. अकरावीच्या अभ्यासामुळे रियाझ कमी पडत असेल असे मला वाटले, म्हणून मी तिला रोज अर्धा तास जादा पलटे (स्वरांच्या उलटसुलट मांडणीचा सराव) घोटायला सांगितले आणि तिने ते निमूटपणे केले. महिन्याभराने तिचा बोलण्याचा आवाजही बसला, तेव्हा तिची आई तिला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे घेऊन गेली. दुर्बिणीने तपासल्यावर दोन्ही स्वरतंतूंवर गाठी दिसल्या. सध्या शस्त्रक्रियेची गरज नाही, स्पीच थेरपीने बरे वाटण्याची चांगली शक्यता आहे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. नंतर तिच्याकडून मला कळले की दिवाळीपासूनच तिला त्रास होत होता. पण बाई परीक्षेचा अर्ज मागे घ्यायला लावतील या भीतीने ती गप्प राहिली होती.

तिच्या आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही. मला मात्र रात्री झोप लागत नाही. मी तिला बिहाग शिकवला, झपताल शिकवला, शास्त्राच्या पेपरसाठी कंठसाधनेवरचे टिपणही पाठ करून घेतले; पण घसा दुखत असेल तर ते बाईंना सांगायचे असते, एवढी साधी गोष्ट शिकवायची राहून गेली.

माझी अडचण अशी आहे. आठवड्यातून दोन दिवस, एकेक तासाची तुकडी असते आणि महिन्याभरात किती बंदिशी झाल्या याचा हिशोब बहुतेक पालक ठेवतात. एवढ्या वेळात आरोग्याविषयी काय सांगावे, कोणत्या वयापासून सांगावे आणि मुले घाबरून गाणेच सोडणार नाहीत अशा रीतीने कसे सांगावे? शिकवणाऱ्या व्यक्तीने स्वतःमध्ये काय बदलायला हवे, हेही कृपया मोकळेपणाने लिहावे.

उत्तर १ : वाचा-श्रवण तज्ज्ञ, वाशी

ताई, सर्वप्रथम एक सांगते, कारण त्याची तुम्हाला आत्ता गरज आहे. शाळकरी आणि महाविद्यालयीन वयात आलेल्या अशा गाठींवर पहिला उपचार स्वरोपचार, म्हणजे आवाजासाठीची स्पीच थेरपी, हाच असतो आणि योग्य मार्गदर्शन मिळाले तर पुष्कळ मुली पुन्हा उत्तम गातात. तेव्हा तिचे गाणे संपले असे समजू नका आणि तिलाही तसे वाटू देऊ नका.

तुम्ही वर्णन केलेली लक्षणे प्रत्येक गायन शिक्षकाने ओळखावीत अशी आहेत. मोठ्याने गाताना आवाज कसाबसा निघतो, पण हलक्या आवाजात वरचे स्वर लागत नाहीत, स्वर सुरू होण्याआधी नुसती हवा ऐकू येते, सकाळी आवाज बरा असतो आणि संध्याकाळपर्यंत घोगरा होतो. ही रियाझ कमी पडल्याची लक्षणे नव्हेत. स्वरतंतूंच्या कडा सुजल्या की त्या नीट मिटत नाहीत, फट राहते, आणि ती फट भरून काढण्यासाठी मूल आणखी जोर लावते. त्या जोरानेच सूज वाढते. म्हणून या अवस्थेत जादा पलटे दिले तर नुकसान होते.

मुलांना समजावताना मी एक हिशोब सांगते. काळी पाचच्या पट्टीत, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून, गाणारी मुलगी मध्य षड्ज लावते, तेव्हा तिचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २३३ वेळा एकमेकांवर येऊन मिटतात आणि तार षड्जावर त्याच्या दुप्पट. तासाभराच्या रियाझात प्रत्यक्ष आवाज अर्धाच वेळ निघाला असे धरले, तरी आघातांची संख्या चार लाखांच्या पुढे जाते. गाठी बहुधा स्वरतंतूंच्या कंप पावणाऱ्या भागाच्या मध्यावर येतात, कारण तेथे आघात सर्वांत जास्त असतो. हे ऐकून मुले घाबरत नाहीत, उलट त्यांना आपल्या घशाबद्दल कुतूहल वाटू लागते, असा माझा अनुभव आहे. आठ वर्षांच्या मुलालाही दोन्ही तळहात एकमेकांवर घासायला लावून हे समजावता येते.

लोणचे आणि बर्फ यांच्याबद्दल घरोघरी जेवढे बोलले जाते, त्याच्या निम्मे जरी घसा खाकरण्याबद्दल बोलले गेले तरी मला समाधान वाटेल. वारंवार खाकरण्याने स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात, म्हणून त्याऐवजी घोटभर पाणी प्यावे किंवा नुसते गिळावे. पाणी अन्ननलिकेतून जाते, ते स्वरतंतूंना स्पर्शही करत नाही. त्यामुळे कार्यक्रमाआधी घाईघाईने बाटलीभर पाणी पिऊन फारसे साधत नाही, दिवसभर थोडे थोडे पाणी पोटात जायला हवे. रात्री उशिरा जेवून लगेच आडवे होणाऱ्या मुलांत पोटातील आम्ल घशापर्यंत येते आणि सकाळच्या खर्जाच्या (खालच्या स्वरांच्या रियाझाच्या) वेळी आवाज जड वाटतो. मुंबईहून दहा वाजता परतणाऱ्या पालकांच्या घरांत हे फार आढळते. घसा बसल्यावर कुजबुजत बोलणे हा आराम नव्हे, त्यानेही अनेकांच्या घशावर ताण येतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे, याचा नियम सोपा ठेवा. सर्दी-खोकला गेल्यावरही आवाज दोन ते तीन आठवड्यांत पूर्ववत झाला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू पाहून घ्यावेत. गाता गाता किंवा ओरडताना आवाज एकाएकी गेला, तर त्या क्षणी गाणे थांबवावे आणि शक्य तितक्या लवकर तपासणी करावी, कारण स्वरतंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो.

तुमच्या प्रश्नाचा विचार इतरत्रही झालेला आहे. अमेरिकेत टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे २००४ साली संगीत शाळांतील आरोग्यसंवर्धनावर एक परिषद झाली. आरोग्य हा संगीत शिक्षणाचाच भाग मानावा, विद्यार्थ्यांना त्याचा अभ्यासक्रम असावा आणि श्रवणहानीची माहिती वाद्यवृंदाच्या तालमीतच दिली जावी, अशा शिफारशी तेथून पुढे आल्या. तेथील संगीत शाळांना मान्यता देणारी संस्थाही आता आपल्या सदस्य शाळांकडून विद्यार्थ्यांना ही माहिती देण्याची अपेक्षा करते. आपल्याकडे बहुतेक मुले घरगुती वर्गांत शिकतात, त्यामुळे ही जबाबदारी तुमच्यासारख्या एकेकट्या शिक्षिकेवर येऊन पडते आणि ती जड वाटणे स्वाभाविक आहे.

उत्तर २ : तबलावादक व शिक्षक, ऐरोली

बाईंनी घशाबद्दल विचारले आहे. मी हात आणि कान यांच्याबद्दल लिहितो, कारण वादनाच्या वर्गांत हेच प्रश्न येतात आणि आपल्याकडे त्यांना कोणी आजार समजत नाही.

तिशीत असताना मी एका कथक वर्गात रोज पाच-सहा तास साथ करत असे आणि घरी येऊन स्वतःचा रियाझ करत असे. रात्री उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येऊन जाग येऊ लागली. मी ते कोणाला सांगितले नाही, कारण साथीदाराचा हात दुखतो हे कळले की दुसऱ्या दिवशी दुसरा साथीदार येतो. मनगटातील मज्जातंतू दबला आहे हे निदान व्हायला आठ महिने गेले. पुढे रात्री मनगटाला पट्टा, वाजवण्याचे तास निम्मे आणि बैठकीत बदल असे दीड वर्ष चालले. हात वाचला, पण कार्यक्रमांचा एक संपूर्ण हंगाम गेला.

त्यानंतर मी शिकवण्याची पद्धत बदलली. पंचवीस मिनिटे वाजवल्यावर पाच मिनिटे हात तबल्यावरून उचलायचेच. त्या पाच मिनिटांत मुले हातावर टाळी-खाली दाखवत कायदा (तबल्याची बांधीव रचना) तोंडाने म्हणतात, त्यामुळे वेळ वाया जात नाही आणि पढंतही, म्हणजे बोल म्हणणेही, सुधारते. परीक्षा जवळ आली म्हणून अर्ध्या तासावरून एकदम तीन तासांवर उडी घेऊ देत नाही, दर आठवड्याला थोडे थोडे वाढवतो. ‘तिरकिट’ किंवा ‘धीरधीर’ची लय वाढवताना खांदे वर गेलेले दिसले की लय तिथेच थांबवतो, कारण खांदा आखडला की सगळा भार मनगट आणि बोटांवर येतो. डग्ग्यावर मनगट फार दुमडून ठेवण्याची सवय पहिल्याच वर्षी मोडावी, दहा वर्षांनी ती मोडत नाही. मांडी घालून बसल्यावर ज्यांची कंबर मागे कलते, त्यांना बसण्याच्या मागच्या भागाखाली घडी घातलेली सतरंजी दिली तरी पाठ सरळ होते. पेटी वाजवणाऱ्यांनी एका हाताने भाता आणि दुसऱ्याने पट्ट्या सांभाळताना कंबरेतून वळून बसू नये, पेटीच सरळ समोर घ्यावी.

पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचे उदाहरण मी मोठ्या मुलांना सांगतो. १९६४च्या सुमारास, चाळिशीच्या आतच, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे आपोआप आत वळू लागली. हा डिस्टोनिया नावाचा विकार होता आणि त्यावर अधिक सराव हा उपाय नव्हता. अनेक वर्षे ते डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत, शिकवत आणि वाद्यवृंदाचे संचालन करत राहिले, आणि १९९०च्या दशकात बोटॉक्सच्या उपचारांनंतर पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले.

आता कानांविषयी. अमेरिकेतील ‘नायॉश’ ही कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास ही मर्यादा सांगते, आणि आवाज दर तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, आणि १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. माझे चार विद्यार्थी ढोल-ताशा पथकात आहेत. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने रोज संध्याकाळी त्यांचा सराव चालतो आणि ताशाजवळ आवाज १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो. सरावानंतर कानात शिट्टी वाजते, हे ते अभिमानाने सांगत असत. आतल्या कानातील केसासारख्या पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, हे सांगितल्यावर त्यांनी कानात बोळे घालायला सुरुवात केली. कापूस पुरत नाही, औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे नीट पिळून आत बसवावे लागतात. दहा बाय बाराच्या, टाइल्स बसवलेल्या खोलीत चार तबले एकदम वाजले की आवाज घुमतो. मी एका वेळी दोघांनाच वाजवू देतो आणि भिंतीवर जाड पडदे लावले आहेत.

उत्तर ३ : निवृत्त गायक व शिक्षक, कोपरी, ठाणे

माझे वय ७१ आहे. आमच्या वेळी पहाटे चारला उठून खर्ज लावायचा, घसा दुखला तरी थांबायचे नाही, अशी शिस्त होती, आणि तिच्यातून आम्ही घडलो अशी माझी अनेक वर्षे श्रद्धा होती. आज मागे वळून पाहतो तेव्हा दिसते की जे टिकले तेच आठवतात. माझ्याबरोबर शिकणारे दोन गुणी गळे पंचविशीतच थांबले, त्यांची आठवण कोणी काढत नाही.

तरीही वरच्या दोन्ही उत्तरांना एक पुरवणी जोडावीशी वाटते. रियाझात थकवा येणारच आणि तो यायलाही हवा. मुलांना थकव्याची भीती घालू नये. थकवा रात्रीच्या झोपेने जातो, दुखणे सकाळी उठल्यावरही तिथेच असते. हा फरक शिष्याला स्वतःच्या अंगावर ओळखता आला पाहिजे आणि तो ओळखायला गुरूनेच शिकवावे लागते.

पंडित कुमार गंधर्व क्षयाने आजारी पडून १९४८ साली देवासला गेले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना गाणे बंद करायला सांगितले आणि सुमारे पाच वर्षे ते गायले नाहीत. त्या काळात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातील लोकगीते ऐकली आणि पुढे त्यांच्या गाण्यात त्यातून किती आले, हे आपण सर्व जाणतो. एवढ्या मोठ्या कलावंताने वैद्यकीय सल्ला मानून मौन पाळले. मग परीक्षेच्या एका सत्रासाठी शिष्येने गप्प का बसावे? बाई, तुमच्या त्या मुलीला सध्या तानपुऱ्याजवळ बसवून ऐकू द्या. तिची तालीम थांबलेली नाही, असे तिला वाटू द्या.

उत्तर ४ : समुपदेशक, नेरूळ

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशनाचे काम करते आणि स्वतः सुगम संगीत शिकले आहे. ताईंच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मला गाठींबद्दलचे वाटले नाही. ती मुलगी भीतीने बोलली नाही, हे ते वाक्य आहे. ऐरोलीच्या सरांनीही आठ महिने कोणाला सांगितले नव्हते. शरीराची काळजी घ्यायला शिकवण्याआधी, त्रास सांगितल्याने आपली जागा जाणार नाही, ही खात्री मुलांना द्यावी लागते. ती एका भाषणाने मिळत नाही. एखाद्या मुलाने घसा दुखतो म्हटल्यावर सर्वांसमोर तुम्ही काय करता, हे बाकीची तीस मुले पाहत असतात.

वर्ग सुरू होताना प्रत्येकाला ‘आज घसा कसा आहे, झोप झाली का’ असे विचारायला दोन मिनिटे पुरतात. मुलींना पाळीच्या दिवसांत आवाज जड वाटला तर तो दिवस मंद्र (खालच्या) सप्तकात काम करण्याची मोकळीक द्यावी, आणि ती मागावी लागू नये. चुका सर्वांसमोर दाखवाव्या लागतातच. पण ‘ती बघ, तुझ्यानंतर आली आणि कुठे पोहोचली’ हे वाक्य सोडून द्यावे. समुपदेशनाला येणारी गाणारी मुले जवळजवळ हेच वाक्य सांगतात, कधी घरातले, कधी वर्गातले.

मंचावरच्या भीतीबद्दल मुलांना खरे सांगावे. हृदय जोरात धडधडणे, हात गार पडणे, तोंड कोरडे होणे ही शरीराने केलेली तयारी असते आणि ती मुरलेल्या कलावंतांनाही जाणवते. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला, म्हणजे चार मात्रा आत आणि आठ मात्रा बाहेर असा, तर धडधड कमी होण्यास मदत होते; मात्रा मोजण्याची सवय आपल्या मुलांना असतेच. परीक्षेआधी दोन-तीन वेळा अनोळखी माणसांसमोर संपूर्ण मांडणी करून घ्यावी आणि मध्ये चुकले तरी थांबवू नये, चुकल्यावर समेवर परत कसे यायचे याचा तो सराव असतो. धडधड थांबवणाऱ्या गोळ्या एकमेकांत वाटून घेण्याचे प्रकार माझ्या कानांवर आले आहेत. या गोळ्या दमा असणाऱ्यांना धोकादायक ठरू शकतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्या कोणीही घेऊ नयेत.

ही नेहमीची भीती आणि आजार यांत मात्र फरक करायला हवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-जेवण बिघडलेले असणे, आवडीचा राग ऐकावासाही न वाटणे, मैत्रिणींपासून तुटणे, स्वतःला निरुपयोगी म्हणत राहणे, ही चिन्हे दिसली तर पालकांशी शांतपणे बोलावे आणि मानसोपचार तज्ज्ञांकडे जाण्यास सुचवावे. जगण्याचा कंटाळा आला असे मुलाने बोलून दाखवले, तर ते गुपित म्हणून जपून ठेवू नये, त्याच दिवशी घरच्यांना विश्वासात घ्यावे आणि मुलाला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते. तो क्रमांक वर्गाच्या फळ्याशेजारी कायम लिहून ठेवावा. गायन शिक्षिकेने उपचार करायचे नाहीत, तिने योग्य व्यक्तीपर्यंत मुलाला पोहोचवायचे आहे.

उत्तर ५ : माजी विद्यार्थी, घणसोली

मी एका विद्यार्थ्याची बाजू थोडक्यात लिहितो. तेराव्या वर्षी माझा आवाज फुटू लागला. वर्गात सात मुली आणि मी एकटा मुलगा, त्यामुळे सर्वांची पट्टी काळी चारच राहिली. आवाज कधी खाली घसरायचा, कधी चिरकायचा, मुली हसायच्या, आणि सर ‘जोर लावून सूर पकड’ म्हणायचे. सहा महिन्यांनी मी क्रिकेटचे कारण सांगून वर्ग सोडला. आज २१ वर्षांचा आहे आणि पुन्हा गावेसे वाटते. ‘तुझा आवाज बदलतो आहे, वर्षभर तो असाच राहील, तोवर आपण तुझी पट्टी बदलत राहू’, असे कोणीतरी सांगितले असते तर मी वर्ग सोडला नसता.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. एकेक उत्तर मी दोनदा वाचले आणि गेल्या तीन आठवड्यांत जे जमले ते करून पाहिले.

पालकांची बैठक घेऊन मी त्यांना काय घडले ते, मुलीचे नाव न घेता, माझ्या चुकीसह सांगितले. यापुढे प्रत्येक तासातील पहिली दहा मिनिटे विचारपूस, मान-खांदे मोकळे करणे आणि ओठ मिटून हलका गुंजारव यांसाठी जातील, त्यामुळे वर्षाला दोन-तीन बंदिशी कमी होतील, असेही स्पष्ट केले. एका वडिलांनी नाराजी व्यक्त केली. दोन आयांनी बैठक संपल्यावर थांबून आपापल्या मुलींचे घसे दुखत असल्याचे सांगितले, आणि ते मला तोवर माहीत नव्हते.

ती मुलगी स्पीच थेरपीला जाते आहे. कोपरीच्या काकांनी सुचवल्याप्रमाणे ती वर्गात तानपुऱ्यावर बसते आणि बाकीच्यांचा कोणता स्वर उतरला ते बोटाने दाखवते. परीक्षेचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून पुढच्या सत्रावर टाकला.

घणसोलीच्या मुलाने लिहिलेले वाचल्यावर माझ्याकडच्या तेरा वर्षांच्या एका मुलाची आठवण झाली, जो दोन महिने मागच्या ओळीत बसून नुसते ओठ हलवत होता. काल सगळे गेल्यावर मी त्याला थांबवून घेतले, पेटी त्याच्यासमोर ठेवली आणि जिथे आराम वाटेल तिथे षड्ज लाव म्हटले. काळी चारवरून एकेक पट्टी उतरत तो पांढरी तीनवर थांबला. सध्या त्याचा षड्ज तोच राहील, आणि महिन्याभराने पुन्हा पेटी पुढे ठेवून पाहायचे असे आमचे ठरले आहे.